अंथरुणावरील माणसाची शुश्रूषा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी झालेल्या बाईने पाठीच्या कण्यावर बोलावे, याचे कुणाला हसू आले तर येवो. माझे धाकटे दीर ताडावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. मुंबईस हाजीअलीला १९५५ साली निघालेली सरकारी पुनर्वसन संस्था आहे. तेथे त्यांच्याजवळ राहून जे शिकले, ते सांगते. आपल्याकडे कुणी ताडामाडावर चढतो, कुणी तारापूरच्या कारखान्यात परांचीवर. पोरे फटफटीवर असतात.

पडलेल्याला काखेत धरून उठवू नये, रिक्षात दुमडून तर घालूच नये. मान-पाठ वळू न देता ओंडक्यासारखे सरळ ठेवावे आणि १०८ ची गाडी बोलवावी.

पहिल्याच दिवशी तेथील परिचारिका मला म्हणाली, "वहिनी, औषध आम्ही देऊ, कूस तुम्ही बदला." दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा! अंग अवघडले की आपण झोपेतही वळतो. त्याला ते कळतच नाही. हाडावरची कातडी दबते, तेथे रक्त पोचत नाही आणि जखम होते. ती भरायला महिने जातात. माकडहाड, खुबे, टाचा सकाळ-संध्याकाळ पाहाव्यात. लाल डाग दिसला तर त्यावर भार देऊ नये, चोळूही नये. आपल्या सासवा लगेच तेलाची वाटी घेऊन धावतात! गरम पाण्याची पिशवीही नको. भाजले तरी त्याला समजत नाही. चाकांच्या खुर्चीत बसल्यावर हातांवर जोर देऊन वरचेवर बूड उचलायचे.

लघवीचे बोलायला आपण लाजतो, पण घात तेथेच होतो. साबणाने हात धुऊन चार ते सहा तासांनी नळी घालायची. दीर आता स्वतः घालतात. लघवी गढूळ झाली, थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांकडे जावे. शौचाची वेळ रोज एकच ठेवावी. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि एकाएकी डोके ठणकून घाम फुटला, तर उठवून बसवावे, कपडे सैल करावे, नळी तुंबली का पाहावे. तेवढ्याने उतरले नाही, तर ताबडतोब इस्पितळ गाठावे.

घरी येण्यापूर्वी आम्ही उंबरठा काढला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. उतरणीला वीतभर उंचीस बारा विती लांबी लागते. गवंड्याला हे दोनदा सांगावे लागले.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून असेच लुळे झाले. त्यांनी १९७२ साली जर्मनीत पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. हे ऐकल्यापासून दीर म्हणतात, निदान दुकान तरी टाकीन.

पण माझी जाऊ? तिची रात्रीची झोप दोन-दोन तासांची. घरी चौकशीला येणारे पुष्कळ, चहा तिनेच करायचा. तिला मंगळवारी आणि शुक्रवारी बोईसरला बाजाराला जायचे असते. त्या वेळी दोन तास दिरांजवळ बसणे ज्यांना जमेल, त्यांनी फराळ झाल्यावर माझ्याकडे नाव द्यावे. कूस कशी वळवायची ते मी दाखवीन.