पंचकोनी मैफल

लंडनमधील टॉटनहॅम कोर्ट रोड हा रहदारीनें गजबजलेला रस्ता. १९६७ सालीं या रस्त्यावरील हॉर्सशू हॉटेलांत दर रविवारीं सायंकाळीं एक संगीतमंडळ भरूं लागलें. बर्ट जान्श आणि जॉन रेनबर्न या दोन तरुण गिटारवादकांचा तो उपक्रम. जॅकी मॅकशी ही गायिका त्यांच्या सोबतीस आली; मार्च महिन्यापर्यंत डबल बेस वाजविणारा डॅनी थॉम्प्सन व तालवाद्यें सांभाळणारा टेरी कॉक्स हेही येऊन मिळाले. या पांच जणांच्या मेळ्यानें नांव घेतलें ‘पेंटँगल’. सर गवेन या सरदाराच्या पराक्रमाचें एक मध्ययुगीन इंग्रजी काव्य आहे. त्याच्या ढालीवर एका अखंड रेषेनें गुंफलेली पांच कोनांची तारका असते, तिचें हें नांव. त्या तारकेची कोणतीही रेषा इतर रेषांना ओलांडल्यावांचून पुरी होत नाहीं. या पांच जणांच्या गाण्याचेंही तसेंच होतें.

त्या काळीं इंग्लंडांत लोकगीतांच्या पुनरुज्जीवनाची चळवळ ऐन भरांत होती. मद्यगृहांच्या खोल्यांतून लोकगीतांचीं मंडळें भरत आणि गायक व श्रोता यांत चार हातांचेंच अंतर राही. इव्हान मॅकॉल यांच्या मंडळाचा तर दंडकच होता कीं, गायकानें आपल्याच देशाचीं व आपल्याच भाषेंतील गीतें गावीं. हा दंडक केवळ सोंवळेपणाचा नव्हता. लंडनच्या तरुणानें अमेरिकन उच्चारांची नक्कल करीत मिसिसिपीचें दुःख गावें, यांत कांहीं खोटेपणा आहे, असा त्यामागें विचार होता. आणि त्या नादांत आजीच्या तोंडचीं गाणीं विसरलीं जातील, ही भीतीही खोटी नव्हती. म्हणून हॉर्सशूमधील या पांच जणांपुढें खरा प्रश्न होता तो असा : अनेक घरांचें गाणें एका बैठकींत आणावयाचें, तर कोणत्याही घराची अप्रतिष्ठा न होतां तें कसें आणावें?

पांचांचे संस्कार भिन्न होते. जान्श ग्लासगोंत जन्मलेला आणि एडिंबरोंत वाढलेला. अमेरिकेच्या बिग बिल ब्रून्झीचे ब्लूज त्याच्या बोटांत मुरले होते आणि ॲन ब्रिग्ज या गायिकेकडून त्यानें जुनीं पारंपरिक गीतेंही उचललीं होतीं. रेनबर्नला मध्ययुगीन व सोळाव्या शतकांतील वाद्यसंगीताची ओढ. थॉम्प्सन व कॉक्स हे ॲलेक्सिस कॉर्नरच्या वाद्यवृंदांतून आलेले, जॅझमध्यें रंगलेले. मॅकशीचा आवाज निर्मळ व सरळ. त्याला अलंकारांचा सोस नव्हता.

या मिलाफाचें उत्तम दर्शन २९ जून १९६८ रोजीं रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें झालें. त्या प्रयोगाचें ध्वनिमुद्रण ‘स्वीट चाइल्ड’ या जोड-तबकडींत जतन झालें आहे. मिसिसिपीच्या तुरुंगांत कैद्यांच्या तोंडून टिपून घेतलेलें एक श्रमगीत तींत आहे. चार्ल्स मिंगस या जॅझ-रचनाकारानें लेस्टर यंगच्या निधनानंतर रचलेली शोकरचना गिटारींवर वाजते. मग येतात युरोपांतील तीन प्राचीन नृत्यरचना. त्यांतील एक विल्यम बर्डची. पुढें एक इंग्रजी गीत मॅकशी कोणत्याही वाद्याच्या साथीवांचून एकटीच गाते. अखेरीस ‘ब्रूटन टाउन’ ही करुणकथा : बहिणीचें प्रेम एका नोकरावर जडलें म्हणून भाऊ त्याचा रानांत घात करतात. हीच कथा चौदाव्या शतकांत बोकाचिओनेंही सांगितली आहे. एका सायंकाळीं इतक्या दूरदूरचे पाहुणे एका पंक्तीस बसले, आणि कोणी कोणाचें पान ओढलें नाहीं.

याचें रहस्य त्यांच्या मांडणींत आहे. गीताचे शब्द व चाल हे शक्यतों जुनेच राहत. नवें असे तें भोंवतीचें विणकाम. डबल बेस नुसता ठेका धरून बसत नसे, तो गायिकेशीं संवाद करी. दोन गिटारी एकाच वेळीं दोन निरनिराळ्या चाली चालत, पण एक बोलूं लागली कीं दुसरी मागें सरे. ‘लाइट फ्लाइट’ या त्यांच्या लोकप्रिय गीतांत पांच, सात आणि सहा मात्रांचे खंड एकामागून एक येतात. झपताल व रूपक यांची संवय असलेल्या मराठी श्रोत्याला त्यांत परकेपणा वाटणार नाहीं, परंतु इंग्लंडच्या लोकप्रिय संगीतांत ही गोष्ट विरळाच. ‘हाउस कार्पेंटर’ या जुन्या कथागीतांत तर जान्शच्या बँजोशेजारीं रेनबर्नची सतार वाजते. हीं दोन्ही गीतें असलेल्या १९६९ च्या ‘बास्केट ऑफ लाइट’ या तबकडीच्या वेष्टनावर मुद्दाम नमूद केलें होतें कीं, यांतील सर्व वाद्यें विजेच्या साहाय्यावांचून वाजविलीं आहेत.

ही तबकडी ब्रिटनमधील खपाच्या यादींत पांचव्या स्थानापर्यंत चढली. ‘लाइट फ्लाइट’ हें बीबीसीच्या एका दूरचित्रवाणी-मालिकेचें शीर्षकगीत होऊन घरोघरीं पोंचलें. पण कीर्तीबरोबर मोठीं सभागृहें आलीं, अमेरिकेचे दौरे आले, अविरत प्रवास आला. शेजाऱ्याचा श्वास ऐकून पुढचा स्वर लावावयाचा, ही ज्या गाण्याची रीत, त्याला हा शीण मानवणारा नव्हता. १९७३ च्या आरंभीं मूळ मेळा मोडला.

पांचही जण २००७ सालीं बीबीसीचा जीवनगौरव स्वीकारण्यास पुन्हां एकत्र आले, आणि २००८ च्या जूनमध्यें त्याच रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें, चाळीस वर्षांनंतर, पुन्हां गायले. २०११ सालीं जान्श आणि २०१५ सालीं रेनबर्न निवर्तला.

मॅकॉल यांची शंका या मैफलीनें खोटी ठरविली असें नव्हे. तिनें त्या शंकेला उत्तर देण्याची अट काय, तें दाखविलें. दुसऱ्याचें गाणें घेणाऱ्यानें तें आपल्या घरच्या गाण्याइतक्याच निष्ठेनें शिकलें पाहिजे, आणि गातांना शेजाऱ्याला बोलण्यास जागा ठेविली पाहिजे. हें शिक्षण भव्य रंगमंदिरांत मिळत नाहीं. तें रविवारच्या सायंकाळीं, एखाद्या लहानशा दालनांत, चुका होत असतां आणि त्या समोरच्या माणसांना ऐकूं येत असतां मिळतें.