फावल्या वेळातली गाडी

(आमच्या बचत गटाने सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)

आम्ही देवळी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आम्ही दहा जणी. दर महिन्याला बसतो, बचत गोळा करतो, जिला गरज असेल तिला अंतर्गत कर्ज देतो. शेळीसाठी दिलं, शिलाई मशीनसाठी दिलं, दवाखान्यासाठी दिलं, पोरीच्या फीसाठी दिलं. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या एका ताईंनी जे मागितलं ते आजवर कोणी मागितलं नव्हतं. मान खाली घालूनच त्या म्हणाल्या, "पोराला शर्यतीची गाडी बनवायची आहे. आठ हजार पाहिजेत."

आधी आम्ही हसलो. शर्यत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शंकरपट येतो. पण ही गाडी इंजिनाची. पोरगा डिप्लोमाला आहे. स्वतः बनवलेल्या छोट्या गाड्यांच्या शर्यती होतात, असं तो कॉलेजात ऐकून आला. मग शनिवार-रविवार घरी येऊन गोठ्यातच काम सुरू केलं. भंगारातून जुन्या मोटरसायकलचं इंजिन आणलं, लोखंडी पाईप आणले, वेल्डिंग मशीन भाड्याने आणलं. ताई म्हणाल्या, "फावल्या वेळात करतो बिचारा. वाईट नादाला तर नाही लागला."

त्या दिवशी आम्ही ठरवलं काहीच नाही. पुढच्या रविवारी गोठ्यात जाऊन पाहायचं ठरलं.

पाहायला गेलो तेव्हा पोराच्या कोपराला पट्टी होती. आदल्या दिवशी त्याने गाडी वावरात नेऊन चालवून पाहिली होती. गाडी पळाली, छान पळाली. थांबायची वेळ आली तेव्हा थांबेना. पऱ्हाट्यांचा ढीग आडवा होता म्हणून निभावलं. त्याच्या पलीकडे विहीर होती.

आम्ही त्याची खर्चाची वही मागितली. गाडीतलं आम्हाला फार कळत नाही, पण वही कळते. त्यात इंजिन होतं, पाईप होते, चाकं होती, साखळी होती, रंगसुद्धा होता. ब्रेक शेवटच्या पानावर होता, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'नंतर'. आमच्यातल्या मावशी म्हणाल्या, "बाबा, उतारावर बंडी बैल मानेवर तोलतात. तुझ्या इंजिनाला मान कुठं आहे?" पोरगा काही बोलला नाही.

मग आणखी एक गोष्ट दिसली. गोठ्यात गाडी, म्हणून गाय तीन महिन्यांपासून बाहेर, ताडपत्रीखाली. पलीकडच्या खोलीत या हंगामाचा कापूस भरलेला, आणि दारापासून चार हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. रात्री बॅटरी धरून कोण उभं राहतं? आई. पाईप जुळवताना दुसरं टोक कोण धरतं? बहीण. काळे झालेले नटबोल्ट रॉकेलात कोण धुतं? तीच. सीटची गादी कोणी शिवली? आईने, कापूस वेचून आल्यावर.

तेव्हा आम्ही विचारलं, हा फावला वेळ आहे तरी कोणाचा? पोराचा दोन दिवसांचा. त्याच्यासाठी दोघींचे किती दिवस गेले ते वहीत कुठेच नव्हतं. आम्ही त्याला म्हटलं, नवीन पान काढ. आईचे तास लिही, बहिणीचे तास लिही, गोठ्याचं भाडं लिही. पैसे द्यायला नको, पण लिही. त्याने लिहायला घेतलं आणि दोन पानं भरली. ताई ते पान पाहत बसल्या. म्हणाल्या, "एवढं मी केलं?"

मैत्रिणींनो, हे आपल्याच गावात होतं असं नाही. जर्मनीत कार्ल बेंझ नावाच्या माणसाने मोटारगाडी बनवली, १८८६ साली तिचं पेटंट घेतलं. त्याच्या कारखान्यात लग्नाच्या आधीच बायकोच्या, बर्था बेंझच्या, हुंड्याचा पैसा गेला होता. गाडी बनली, पण लोक घेईनात. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्थाने नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, दोन मुलांना बरोबर घेतलं आणि शंभरेक किलोमीटरवर माहेरी निघाली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर एका चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावायची सुरुवात तिथून झाली असं मानतात. म्हणजे ब्रेकची काळजी बाईनेच केली.

दुसरी गोष्ट इंग्लंडची. कॉलिन चॅपमन हा तरुण नोकरी सांभाळून शर्यतीच्या गाड्या बनवायचा. पहिली गाडी १९४८ साली, एका जुन्या मोटारीवरून. जागा कोणाची? त्याची मैत्रीण हेझल हिच्या आईवडिलांच्या घरामागची. हातभारही तिचाच. १९५२ मध्ये कंपनी काढली तेव्हा सुरुवातीचे पंचवीस पौंड हेझलने उसने दिले. पुढे तिचं त्याच्याशी लग्न झालं, आणि १९६३ साली त्या लोटस कंपनीच्या गाडीने जगातली सगळ्यात मोठी शर्यतमालिका जिंकली. हेझलचे पंचवीस पौंड निदान लोकांच्या लक्षात राहिले.

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातून चारचाकी बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास. मोटरसायकलसारखी किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत सगळीकडे पोचली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण हेही सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. प्रत्येकाच्या दारात अशी बोलेरो येत नाही. नियम मात्र सगळ्यांना तोच आहे. नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही.

आपल्या वर्ध्याला घरच्या यंत्रांचं वावडं नाही. गांधीजींच्या चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी आधी ठरल्या. त्यातली एक अशी, की बाईला तो आठ तास फार न थकता चालवता आला पाहिजे. आम्ही म्हटलं, आपणही आधी अटी ठरवू. आणि ठरवल्या.

पहिली अट, आठ नाही, चार हजार मिळतील, आणि ते फक्त ब्रेक आणि हेल्मेटसाठी. बाकीचं तो स्वतः उभं करेल. कारण कर्ज आईच्या नावावर असतं, हप्ता चुकला तर कापूस वेचून तीच फेडणार.

दुसरी अट, कापूस त्या खोलीतून निघेपर्यंत वेल्डिंग गोठ्यात नाही, मोकळ्या जागेत होईल. जवळ वाळूची आणि पाण्याची बादली. डोळ्यांना काळ्या काचेचा पडदा, धरणाऱ्यालाही. अंगात सुती कपडे, नायलॉन नाही. आणि पाण्याचे जस्त चढवलेले पाईप तसेच वेल्ड करायचे नाहीत. त्यांचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. बहिणीला तसा ताप दोनदा आला होता. घरच्यांनी मलेरिया समजून गोळ्या दिल्या होत्या.

तिसरी अट, गाडी रस्त्यावर नेणार नाही. मोकळ्या वावरात किंवा शर्यतीच्या मैदानावरच.

चौथी अट मोठ्या स्पर्धांतून घेतली. इंजिनिअरिंगच्या मुलांची 'बाजा' नावाची स्पर्धा २००७ पासून इंदूरजवळ पिथमपूरला सुरू झाली. तिथे इंजिन बंद करायच्या दोन कळा लागतात, एक चालकाच्या हाताशी, एक बाहेरच्या माणसाला पोचेल अशी. आणि चालकाला पट्टा सोडून पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. आम्ही म्हटलं, आमच्यासमोर करून दाखव.

पाचवी अट त्याच्या बहिणीने घातली. बारावीत आहे ती. म्हणाली, "मी बॅटरी धरणार नाही. मला वेल्डिंग शिकव." साखळीचं गणित तर तिनेच सोडवलं होतं. तिची सायकल समोर होती. पुढची चकती लहान आणि मागची मोठी केली की वेग कमी होतो, पण जोर वाढतो. गाडी जागेवरून हलत नव्हती, ती मागची चकती बदलल्यावर हलली. वहीत मात्र तिचं नाव आमच्या सांगण्यावरून आलं.

पुढे काय झालं? ब्रेक बसला. गाय गोठ्यात परत गेली. सहा हप्त्यांपैकी चार आले. त्यातले दोन उशिरा आले, त्याचा दंड आम्ही सोडला नाही. पोरगा सुट्टीत एका दुकानात वेल्डिंग करून हप्ता आणतो, आईच्या मजुरीतून नाही. शर्यत अजून झालेली नाही. पहिलं बक्षीस वगैरे सांगायला आमच्याकडे काही नाही.

पण पाच सेकंदांची परीक्षा आम्ही घेतली. मावशींनी मोबाइलवर वेळ लावली. पोरगा सात सेकंदांत निघाला, त्याचा गुडघा स्टिअरिंगला अडकला. बहीण बसली आणि चार सेकंदांत बाहेर उभी राहिली. आता स्टिअरिंग वर घ्यायचं काम सुरू आहे. २०२४ साली पुण्याच्या डायना पुंडोले यांनी मोटार शर्यतीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि असं करणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या महिला ठरल्या. हे पोरीला कळलं तेव्हापासून गाडी कोण चालवणार यावर घरात रोज वाद चालू आहे. तो वाद मिटवायला आम्ही जाणार नाही.

मैत्रिणींनो, पोरांची हौस मारू नका. पण तुमच्या घरी कोणी फावल्या वेळात काही बनवत असेल, पंप असो, ट्रॉली असो, गाडी असो, तर वही मागा. ब्रेक कितव्या पानावर आहे ते बघा. आणि त्या वहीत तुमचे तास लिहिले आहेत का, तेही बघा. नसतील तर पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या.