चर्चची शाळा आणि तिचे कारभारी

शाळेचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच मूर्ती उभ्या राहतात, एक गुरुजींची आणि दुसरी विद्यार्थ्याची. परंतु शाळेत तिसराही एक वर्ग असतो. तो शिकत नाही, शिकवीत नाही, वेतन घेत नाही. आणि तरीही शाळा नीट चालणे पुष्कळ अंशी त्याच्यावर अवलंबून असते. हा वर्ग म्हणजे शाळेच्या समितीचे सभासद. खेड्यातील चर्चने चालविलेल्या प्राथमिक शाळेत या सभासदांचे कर्तव्य कोणते, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. मी चाळीस वर्षे खडू हाती धरला, आणि खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी या सभा पाहिल्या; तेवढाच माझा अधिकार.

आपल्या किनाऱ्याला अशा शाळा नव्या नाहीत. इ. स. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले आणि पुढे त्यांच्या मराठी शाळा खाडीपलीकडे चौल-रेवदंड्यापर्यंत पोचल्या. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनने सावित्रीच्या मुखाशी बाणकोटास आपले ठाणे केले. या शाळांतून शिकविणारे पुष्कळसे पंतोजी इथलेच असत. त्यांत हिंदू होते, तसेच बेने इस्राएल समाजातील गृहस्थही होते. शाळा मिशनची, पंतोजी गावचा आणि मुले नाना जातींची, असा तो संसार होता. परंतु कारभार कोणाचा? पैसा मिशनचा, तपासणी मिशनची, आणि शाळा ठेवावी की मोडावी हा निर्णयही मिशनचाच. आईबापांच्या हाती उपाय एकच, तो म्हणजे मूल घरी बसविणे. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याने सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली आणि अनुदानामागून सरकारी तपासनीसही आला. तरी पालक उंबऱ्याबाहेरच राहिला.

इंग्लंडातही चर्चच्या शाळांचा पसारा मोठा आहे. तेथे अशा शाळेच्या मंडळात चर्चने नेमलेले सभासद असतात, त्यांच्या शेजारी पालकांनी निवडलेले, शिक्षकवर्गाने निवडलेले आणि स्थानिक सरकारचे असे सभासद बसतात, मुख्याध्यापकही असतो. या मंडळाची कामे मुख्यतः तीन: शाळेने कोठे जावयाचे ते ठरविणे, मुख्याध्यापकास कामाचा जाब विचारणे आणि पैशांवर नजर ठेवणे. वर्गात शिरून रोजचा कारभार हाकणे हे त्यांचे काम नव्हे. घोड्यावर बसावयाचे मुख्याध्यापकाने. वाट बरोबर आहे ना, हे पाहावयाचे मंडळाने.

आपल्याकडे २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमाने सरकारी व अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती नेमावयास सांगितले. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद आईबाप किंवा पालक असावेत, आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. शाळेच्या कामावर देखरेख, विकासाचा आराखडा आणि अनुदानाच्या खर्चाची पाहणी ही तिची कामे. जो पालक दीडशे वर्षे उंबऱ्याबाहेर उभा होता, त्याला कायद्याने आत बोलावून सतरंजीवर बसविले.

परंतु चर्चच्या शाळेची गोष्ट निराळी आहे. संविधानाच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. म्हणून २०१२ च्या दुरुस्तीने अशा शाळांतील समितीस केवळ सल्ला देण्याचा अधिकार ठेवला. पुढे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाच अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका घेतली आणि तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे सुचविले. तो वाद कायदेपंडितांचा. मला त्यातून एवढेच दिसते की, चर्चच्या शाळेत पालकाला मानाची जागा मिळणे हे मुख्यत्वे शाळा चालविणाऱ्यांच्या सद्बुद्धीवर अवलंबून आहे. कायद्याच्या धाकाने जे करावे लागते त्यात पुण्य थोडे. धाक नसता जे केले जाते त्यावरूनच माणसाची व संस्थेची पारख होते. आणि १९५८ मध्येच, केरळच्या शिक्षण विधेयकासंबंधी मत देताना, सर्वोच्च न्यायालयाने बजावून ठेवले आहे की कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही.

येथे एक शंका कोणी घेईल. पालकांना आत घेतले तर शाळेचे चर्चपण उरेल काय? माझ्या मते दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. शाळेची प्रार्थना, तिचे सण, तिचा मूळ हेतू ही विश्वस्तांची ठेव आहे; ती त्यांनी निःसंकोच सांभाळावी. परंतु पिण्याचे पाणी, मुलींचे शौचगृह, गैरहजर शिक्षक आणि जमाखर्चाची वही यांना कोणताही धर्म नाही. ती ज्याचे मूल शाळेत आहे त्या प्रत्येकाची आहेत.

आता सभासदाने करावे काय? एका शब्दात सांगावयाचे तर, विचारावे. हुकूम सोडू नयेत आणि गप्पही बसू नये. आमच्याकडे या दोन्ही टोकांचे सभासद विपुल. एक जण आपल्या भाच्याला शिपायाची जागा मिळावी म्हणून येतो. दुसरा चहा घेऊन न वाचता सही करून जातो. पहिल्याचा उपद्रव दिसतो, म्हणून त्याचा बंदोबस्त होतो. दुसऱ्याचा दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक. एका सभेत तासभर रंगाच्या दरपत्रकावर वाद चालला होता. शेवटी दाराशी बसलेली एक आई उठली आणि म्हणाली, "गुरुजी, दुपारनंतर मोठ्या पोरी घरी का येतात, ते कोणी इचारलं का?" कारण साधे होते. शौचगृहास कुलूप होते आणि किल्ली कपाटात. रंगाचा प्रश्न कागदावर होता; खरा प्रश्न त्या बाईपाशी होता. पुढील सभेपूर्वी कुलूप निघाले.

आमच्या पनवेल तालुक्यातील दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांतून राहणारी कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्टीवर जातात आणि पुन्हा पावसाच्या तोंडावर परततात. मूलही मागोमाग जाते. हजेरीपटावर त्याचे नाव राहते, बाकावर ते राहत नाही. ज्या समितीत त्या वाडीचा एकही माणूस नाही तिला हे केव्हा कळणार? परीक्षेच्या दिवशी. ज्या समितीत आहे तिला दिवाळीपूर्वीच कळते की यंदा कोण जाणार, कोणाची आजी घरी राहणार, आणि कोणते मूल तिच्यापाशी ठेवता येईल. तेवढ्या अवधीत दोन-चार मुलांचे वर्ष वाचू शकते. मात्र त्यासाठी सभा सकाळी अकरा वाजता ठेवून भागावयाचे नाही. अकरा वाजता येणाऱ्या मजुराचा दिवसाचा रोज बुडतो. सभा दिवेलागणीनंतर ठेवावी, प्रसंगी वाडीवरच भरवावी, आणि इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखविल्यावाचून कोणाचाही अंगठा घेऊ नये.

श्रोतेहो, पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी येथे विमानतळाचे उद्घाटन झाले. गावे हलली, शेते गेली, नवे लोक आले. शाळेच्या बाकावर आता आगरी मुलाशेजारी परप्रांतीय गवंड्याचे मूल बसते. गाव एक असताना सारे एकमेकांस ओळखत; पारावर जे कळे ते सभेत विचारण्याची गरज नव्हती. आता ती गरज उत्पन्न झाली आहे, कारण पार उरला नाही.

म्हणून चर्चच्या विश्वस्तांस माझी विनंती आहे की त्यांनी कायद्याची वाट न पाहता आपल्या समितीत पालकांना, त्यातही आयांना आणि वाडीवरच्या मजुरांना जागा द्यावी. पालकांस विनंती अशी की त्या जागेवर बसून प्रत्येक सभेत निदान एक प्रश्न विचारावा. आणि माझ्या गुरुजनबंधूंस सांगणे एवढेच की प्रश्न विचारणाऱ्यास शत्रू समजू नये. ज्या शाळेविषयी कोणी काही विचारीत नाही, ती शाळा कोणाचीच नसते.