गवतावरची पीएच.डी.

(मासवण येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्री जेवणे झाल्यावर कापूस-ज्वारीच्या मुलखातून आलेल्या आपल्या एका कार्यकर्त्याने मला बाजूला घेतले. मुलगी पशुवैद्य झाली, एम.व्ही.एस्सी. संपत आली. आता तिला जनावरे आणि चराऊ रान या विषयात पीएच.डी. करायची आहे. घरात दोन मते. आई म्हणते, दवाखान्यात नोकरी धर. तो मला म्हणाला, "भाऊ, तुम्ही शेती शिकलेले. कागदावर तीन वर्षे म्हणतात, होतात चार. तिच्या शिक्षणात एक बैलजोडी आधीच गेली. अजून घालू का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. आज त्याच्या परवानगीने सगळ्यांसमोर देतो.

गप्प बसलो त्याचे कारण सांगतो. ही वाट मी स्वतः अर्ध्यात सोडली आहे. मला विषय मिळाला होता बागायती नेपिअर गवताला नत्राच्या मात्रा देण्याचा. माझ्या गावात जानेवारीनंतर विहिरीत दोरी पुरत नाही. दीड वर्ष मी ते गवत मोजले, कापले, वाळवले, पुन्हा मोजले आणि एक दिवस घरी आलो. लोक म्हणतात, चळवळीसाठी त्याग केला. त्याग कसला, कंटाळलो होतो! विषय खोटा नव्हता, पण प्रश्न माझ्या गावाचा नव्हता.

आता तुम्ही या मासवणला सूर्या नदीच्या काठी आला आहात. सकाळी फिरून आलेल्यांनी वरकस जमिनीवरचे गवत पाहिले असेल. आपल्याकडे तीस इंच पाऊस झाला तर साल चांगले म्हणतो, इथे शंभर इंचाच्या आसपास पडतो. गवत माणसाच्या कमरेला लागते. तुमच्यापैकी एकजण म्हणाला, एवढा चारा असता तर आम्ही राजे झालो असतो. थांबा जरा. हे गवत फुलोऱ्याआधी कापले तर त्यात साधारण सात-आठ टक्के प्रथिने असतात. पण तेव्हा पाऊस असतो, वाळवायला ऊन नाही, आणि पुढे माणसे भाताच्या कापणीत गुंततात. गवताला विळा लागतो तोवर ते पिकून कुसळ धरते आणि प्रथिने तीन टक्क्यांवर येतात. पोट भरते, दूध येत नाही. मुंबईच्या तबेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या हेच सुके गवत गेले. त्याच्या कापणीच्या मजुरीसाठी ऑक्टोबर १९४५ मध्ये वारल्यांनी संप केला. मागणी होती पाचशे रत्तलाला अडीच रुपये. गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. ज्या गवतापायी माणसे मेली, ते पावसाळ्यात कापून टिकवायचे कसे, हा पीएच.डी.चा विषय नाही असे कोण म्हणेल?

आपल्याकडचे उदाहरण घ्या. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले. दाणा वाढला, कडबा बुटका झाला. शिफारस करणाऱ्यांनी पोती मोजली, पेंढ्या मोजल्या नाहीत. रब्बीत मालदांडी अजून टिकून आहे ती भाकरीसाठी आणि कडब्यासाठी. पुढे इक्रिसॅट आणि आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हैदराबादच्या बाजारातला ज्वारीचा कडबा तपासला. पचनीयतेत पाच टक्क्यांचा फरक असलेल्या कडब्याच्या भावात चौथाईचा फरक निघाला. व्यापारी हाताने चोळून जे ओळखत होता ते प्रयोगशाळेने नंतर मोजले. मोजले म्हणून वाण निवडताना कडब्याकडेही पाहण्याला आधार मिळाला. शिक्षणाचा उपयोग असतो तो असा.

अडचण कुठे आहे तेही ऐका. २००० साली नागपूरला पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि राज्यातली पशुवैद्यक महाविद्यालये कृषी विद्यापीठांतून निघून तिकडे गेली. गवत आणि चारापिके राहिली राहुरीसारख्या कृषी विद्यापीठांत. म्हणजे जनावर एका दारात, त्याचे खाणे दुसऱ्या दारात! अमेरिकेत ऑरेगॉनच्या सरकारी विद्यापीठात जनावरे आणि चराऊ रान यांचा एकच विभाग आहे. आपल्याकडे झाशीला १९६२ पासून गवत व चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. मुलीने तिथले दार जरूर ठोठवावे, पण मार्गदर्शक दोन्हीकडचे धरावेत.

आणि परदेशी गेली तरी आपला प्रश्न बरोबर नेता येतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेतल्या डॉ. चंदा निंबकर यांनी २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठात पीएच.डी. केली. विषय कोणता? आपली दख्खनी मेंढी. ती बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगाने लहान, पण जुळी देते, एका जनुकामुळे. तो जनुक संकरातून दख्खनीत आणायचा, आणि धनगराच्या चालत्या कळपात जुळ्यांचा हिशेब बसतो का ते पाहायचे. कोकरे वाढली आणि आईचे दूध पुरले नाही, तर धनगर तुमचे संशोधन वाड्याबाहेर ठेवील. म्हणून काम मेंढपाळांच्या कळपांत नेले. पदवी तिकडची, मेंढी इथली.

तर भाऊ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर. दुसरी बैलजोडी विकू नकोस. मुलीला म्हणावे, प्रवेश परीक्षा देऊन शिष्यवृत्ती मिळव. मिळाली तर जा, नाही मिळाली तर एक वर्ष दवाखान्यात काढ आणि परत बस. लग्नाचे कोणी विचारील, त्याला माझ्याकडे पाठव. आणि विषय आयता घेऊ नकोस म्हणावे, तो चार वर्षे मानेवर बसतो.

सकाळी तिने मला तिची वही दाखवली. शेवटची वेचणी झाली की आपण पऱ्हाटीत मेंढ्या बसवतो. खत मिळाले म्हणून आपण खूश, चारा मिळाला म्हणून धनगर खूश. पण त्या पाल्यात आणि हिरव्या बोंडांत मेंढीला खरोखर किती मिळते, फवारणीचे काय काय पोटात जाते, आणि रानात पडलेल्या लेंड्यांनी पुढच्या ज्वारीला किती उचल मिळते, हे तिला मोजायचे आहे. तिला दहा गावांतली राने आणि पाच-सहा कळप लागतील. ती मागे बसली आहे. ज्यांच्या रानात यंदा मेंढ्या बसणार आहेत त्यांनी चहाच्या आधी तिच्याकडे नावे द्यावीत.