पहिला पगार आणि आठ आणे

(वाराणसी येथे बालाजी घाटावर जमलेल्या मराठी रेल्वे व टपाल प्रतिनिधींपुढे केलेले भाषण)



या घाटावरच्या बालाजी मंदिरात 1930 च्या सुमारास चौदा वर्षांचा एक पोरगा रोज सनई वाजवायला येत असे. नाव अमीरुद्दीन. पुढे तोच उस्ताद बिस्मिल्ला खाँ झाला आणि 2001 साली त्यांना भारतरत्न मिळाले. पण तेव्हा मंदिरातून त्याला मेहनताना मिळे आठ आणे. ते हाती पडले की स्वारी निघाली सुलोचनाचा नवा सिनेमा पाहायला!

हे आठ आणे रास्त होते का? पोरगा मामाकडे जेवत होता, मामाकडे राहत होता, सनईही मामाकडेच शिकत होता. म्हणून आठ आणे सिनेमाला उरले. त्यावर संसार चालवायचा असता तर सिनेमा राहिला बाजूला, सनईही सुटली असती.

हे आठवायला कारण घडले. गेल्या पावसाळ्यात आमच्या शाखेतला एक ट्रॅकमन कागद घेऊन आला. मुलगी बी. कॉम. झालेली, पुण्यात एका खासगी कचेरीत हिशेबाचे काम मिळत होते. कागदावर आकडा 22,000. म्हणाला, "दादा, पगार बरोबर आहे का?" मी म्हटले, "सातव्या आयोगाचे किमान वेतन 18,000. तुझ्या पोरीला चार हजार जास्तच आहेत. पेढे आण."

तीस वर्षे युनियनचे काम करून मी असे उत्तर दिले. रात्री झोप लागेना. सकाळी त्याला परत बोलावले आणि वही काढली.

18,000 हा 1 जानेवारी 2016 चा नुसता मूळ पगार. पोरीचे काम कारकुनाचे, तेव्हा तुलना आपल्या ज्युनियर क्लार्कशी हवी. त्याचा सुरुवातीचा मूळ पगार 19,900. जुलै 2025 च्या दराने 58 टक्के महागाई भत्ता 11,542. पुण्याला 30 टक्के घरभाडे 5,970. झाले 37,412. प्रवास भत्ता वेगळा, वर्षाला तीन टक्के वाढ वेगळी. आणि पोरीचे 22,000 म्हणजे काय? तो मालकाचा एकूण खर्च. त्यात मालकाच्या वाट्याचा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली. हातात पडणार साडेअठरा हजारांच्या आसपास. महागाई भत्त्याचे नावच नाही. सुटीची वेळ कागदावर सहाची, पण तिथल्या मुली आठला निघतात, हे पोरीनेच चौकशी करून सांगितले.

कोणी म्हणेल, सरकारी पगाराशी तुलना करू नका. ठीक आहे, पोटाशी करू. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप ठरवून दिले आहे. नवरा एक, बायको 0.8, दोन मुले 0.6 प्रमाणे, असे तीन घटक. माणशी रोज 2,700 उष्मांक, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, शिवाय इंधन, दिवाबत्ती आणि किरकोळीसाठी 20 टक्के. सातव्या आयोगाने याच मापाने महिन्याला 42.75 किलो धान्य, 7.2 किलो डाळ आणि 18 लिटर दूध धरले. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्न आणि म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सांगितले. हे माप दुसऱ्या वेतन आयोगाने नाकारले, आणि जुलै 1960 मध्ये रेल्वे व टपालवाले खांद्याला खांदा लावून पाच दिवस संपावर गेले. आणि लक्षात घ्या, हे माप अकुशल कामगाराचे आहे. बी. कॉम. झालेल्या पोरीचा हिशेब तिथून वर सुरू व्हायला हवा.

"तिला कुठे नवरा-मुले आहेत?" असे तिच्या मालकाने विचारलेच. पुढे म्हणाला, "नवीन आहे, शिकते आहे, घरचा आधार आहे." त्या घरच्या आधाराचाही हिशेब मांडला. खोलीचे भाडे, खाणावळ, बस जाऊन पोरीला कमी पडणार पाच हजार. ते बापाने पाठवायचे. म्हणजे भर उन्हात रुळावर घाम गाळणारा ट्रॅकमन त्या कचेरीचा पगार भरणार!

हीच युक्ती आपल्या टपालात ग्रामीण डाक सेवकांवर चालते. उपजीविकेचे दुसरे साधन हवे अशी अट, आणि 1 जुलै 2018 पासून चार तासांच्या कामाचा सुरुवातीचा मोबदला 10,000, वर महागाई भत्ता. टपाल मात्र चार तासांत संपत नाही, हे इथल्या टपाल बांधवांना मी काय सांगावे!

पोरगी शहाणी निघाली. वही घेऊन मालकापुढे बसली. सहा महिन्यांनी फेरविचार आणि सहानंतर थांबल्यास जादा पैसे, एवढे लेखी घेतले, मगच रुजू झाली. आकडा मात्र एका रुपयाने वाढला नाही. बाप अजून पाच हजार पाठवतो.

आठवा वेतन आयोग न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला आहे. तीन घटकांत म्हातारे आई-बाप बसत नाहीत, हे आपले जुने दुखणे. तेव्हा पहिल्या पाच वर्षांत असलेल्या प्रत्येक तरुण सभासदाने तीन महिन्यांचा घरखर्च वहीत लिहून शाखेत द्यावा. त्यात आई-बापांची औषधे लिहावीत आणि घरून किती पैसे येतात तेही लाज न बाळगता लिहावे.