पायाखालची जमीन



सोलापूरहून निघालेली गाडी होटगी जंक्शनाजवळ येते, तेव्हां दोहों बाजूंस काळीं रानें दिसतात. उन्हाळ्यांत त्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यांत तीच माती फुगून भेगा बुजविते. अशा भूमीवर राहणाऱ्यास, भूकंपांत आपलें घर जमिनींत रुतेल काय, अशी शंका येणें स्वाभाविक आहे.

घर रुततें तें कसें, हें प्रथम पाहूं. सैल वाळू पाण्यानें भरलेली असली, तरी तिचे कण एकमेकांवर टेकलेले असतात. त्या आधारावरच घराचा भार असतो. धक्का बसला म्हणजे कण दाटूं पाहतात. परंतु मधलें पाणी तत्काळ निसटूं शकत नाहीं. मग भार पाण्यावर येतो, कण सुटे होतात आणि घट्ट भासणारी भूमि चिखलासारखी पातळ होते. १५ जानेवारी १९३४ रोजीं उत्तर बिहारांत घरें अशींच कललीं व खचलीं. १९६४ सालीं जपानांतील निइगाता शहरीं कित्येक मजल्यांच्या इमारती न फुटतां आडव्या झाल्या! अशा जागीं वाळू ठोकून घट्ट करणें, किंवा खांब खालच्या कठीण थरापर्यंत नेणें, हाच उपाय.

होटगीची काळी माती मात्र चिकण आहे. तिचे कण परस्परांस धरून असतात. ती वाळूप्रमाणें पातळ होत नाहीं. येथील भय निराळें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतिविसर्जन करून लोक निजले असतां, किल्लारी परिसरांत हजारों माणसें दगावलीं. त्यांतील बहुतेक जमीन खचून नव्हे, तर दगडमातीच्या जाड भिंती व मातीचें जड धाबें अंगावर कोसळून. पाया काळ्या मातींतच ठेवला, तर तिच्या फुगण्या-आकसण्यानें भिंतींस तडे जातात. आणि तडकलेली भिंत धक्क्यास आधीं बळी पडते.

म्हणून पाया मुरुमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल, तर तळाशीं फुगीर केलेले काँक्रीटचे खांब घालावे. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें ही पद्धत आपल्याकडे रुळविली. जोत्याच्या आणि दारांच्या माथ्याच्या पातळीस चारी भिंतींवरून लोखंडी सळ्यांसह काँक्रीटचा सलग पट्टा फिरवावा. न्हाणीचें सांडपाणी पायापासून दूर काढून द्यावें.

पायांत पुरलेला पैसा दिसत नाहीं; म्हणून काटकसर नेमकी तेथेंच होते. वास्तूसाठीं मुहूर्त अवश्य पाहावा. परंतु त्यापूर्वीं एक खड्डा खणून खालची माती पाहावी.