यंत्रातून गेलेले रक्त



मी डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे. जे थोडे शिकलो ते वाचनालयात बसून. परंतु १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हापासून या नागपुराला यंत्राचा लाभ आणि यंत्राची किंमत दोन्ही ठाऊक आहेत. आज अशाच एका यंत्राविषयी बोलतो.

हृदयाच्या आत शिरून काम करायचे तर बहुधा हृदय थांबवावे लागते. तेवढा वेळ रक्त बाहेर घेऊन, त्याला प्राणवायू देऊन, परत शरीरात सोडणारे यंत्र अमेरिकेतील डॉ. जॉन गिबन यांनी सिद्ध केले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र त्यांनी बुजवले. २६ मिनिटे हृदयाचे व फुप्फुसांचे काम यंत्राने केले. आपल्याकडे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयरोपणापर्यंत मजल मारली; रुग्ण मात्र काही तासच जगला. सांधेज्वराने गरिबांच्या मुलांच्या झडपा निकामी होतात. अशा कितीतरी जणांना या यंत्राने जीवदान दिले आहे.

पण यंत्र फुकट काही देत नाही. रक्त जन्मभर वाहिन्यांच्या मऊ अस्तरावरून वाहते. प्लास्टिकच्या नळीला लागताच त्यातील संरक्षक प्रथिने शत्रू आला असे समजून जागी होतात, पांढऱ्या पेशी खवळतात. बोटात काटा रुतला तर बोटच सुजते. येथे खवळलेले रक्त सर्वत्र फिरते, म्हणून दाहही सर्वांगी होतो. केशवाहिन्यांतून पाणी झिरपते, फुप्फुसे जड होतात. पंपात तांबड्या पेशी फुटतात, त्यांचा भार मूत्रपिंडावर पडतो. १९८३ मध्ये अमेरिकेतील कर्कलिन व सहकाऱ्यांनी दाखवले की, या प्रथिनांची खळबळ जितकी अधिक, तितकी हृदय, फुप्फुस व मूत्रपिंड यांची इजा अधिक.

मग औषध देऊन दाह दाबावा, असे वाटणे साहजिक आहे. १८ देशांतील ७,५०७ रुग्णांवर स्टेरॉइडची परीक्षा झाली. २०१५ मध्ये निकाल आला की मृत्यू घटले नाहीत. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची बायपास शस्त्रक्रिया यंत्राविना, धडधडत्या हृदयावर करून पाहिली. १९ देशांतील ४,७५२ रुग्णांचा २०१२ चा निष्कर्ष असा, की पहिल्या महिन्यात मूत्रपिंडाची इजा कमी, मृत्यू मात्र जवळजवळ तेवढेच.

याचा अर्थ शस्त्रक्रिया टाळावी असा नव्हे. टाळली तर बिघडलेली झडप माणसाला सोडत नाही. अर्थ एवढाच, की टाके भरले म्हणजे माणूस भरून आला असे नाही. छातीचे हाड सांधायलाच दोन-तीन महिने लागतात. उघडून जोडलेले यंत्र कोणताही जाणता फोरमन पहिल्याच दिवशी पूर्ण भाराने चालवीत नाही. मग घरी परतलेल्या हमालाला पंधरवड्यात पोते उचलायला का लावावे? त्याची विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नाही. ती उपचाराचाच भाग आहे. रजेच्या अर्जावर सही करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.